एका खात्यातले दोघे

पुण्याहून एक मुलगी आमच्या कामाची किंमत काढायला आली होती. फोनवर तिने ते फार आदबीने सांगितलं. खुल्या नकाशावर लोक जे फुकट काम करतात त्याचं आर्थिक मूल्य किती होतं, याचा ती अभ्यास करत होती आणि भंडारा जिल्ह्यात सगळ्यात जास्त काम ज्या खात्यावर दिसत होतं ते खातं माझं होतं. खुला नकाशा म्हणजे कुठल्याच कंपनीचा नसलेला. कोणीही त्यात आपल्या गावचा रस्ता, शाळा, विहीर काढावी आणि कोणीही तो पैसे न देता वापरावा. "काका, तुम्हाला भेटल्याशिवाय माझा अभ्यास पूर्ण होणार नाही," असं ती म्हणाली.

मी कापड दुकानदार. सगळं आयुष्य गिऱ्हाइकाला भाव सांगण्यात गेलं, तेव्हा किंमत काढणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी तिला "या" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र दुकानाच्या गादीवर नुसता बसून राहिलो. खातं माझ्या नावावर होतं हे खरं, पण त्यातलं काम माझ्या बायकोचं होतं आणि ती पावसाळ्यात वारली होती.

आमचं गाव आंधळगाव. घराच्या मागच्या खोलीत मोठ्या भावाचे माग, पुढच्या खोलीत माझं दुकान. मागे कोसा रेशीम विणलं जायचं आणि पुढे विकलं जायचं. पुढे पुढे नागपूरची गिऱ्हाइकं फोनवर "लोकेशन पाठवा" म्हणायला लागली. मी पाठवायचो आणि त्यांच्या गाड्या कुठल्या तरी धानाच्या बांधीजवळ जाऊन उभ्या राहायच्या. मग मी गाडी काढून त्यांना आणायला जायचो. तेवढ्यात भंडाऱ्याच्या एका कॉलेजात नकाशाचं शिबिर आहे असं कळलं. दुकान नकाशावर टाकून घ्यावं एवढ्याच मतलबाने मी गेलो.

तिथे पाहिलं तर आमचं एवढं बाजार भरणारं गाव म्हणजे एक ठिपका आणि त्याला घासून गेलेली एक रेघ. आमचंच गाव असं होतं असं नाही, अख्खा जिल्हाच तसा होता. शिकवणारा म्हणाला, गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या भंडाऱ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण ऐकून राग आला. मला राग लवकर येतो. मी दुकान टाकलं, दुकानापर्यंतचा रस्ता टाकला आणि शेजाऱ्याचं दुकान मुद्दाम टाकलं नाही.

घरी येऊन बायकोला दाखवलं. तिचं माहेर करडी. तिने दुकान बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "माझं करडी दाखवा."

करडीचं नाव होतं. बाकी सगळं पांढरं.

"अजी, तलाव कुठी गेला?"

"टाकला नसन कोनी."

"एवढा मोठा तलाव कोनाले दिसला नाई? तुमी टाका."

"मले धड येत नाई अजून."

"मंग शिकून कायले आले?"

मी तलाव काढला. तो बटाट्यासारखा दिसत होता. तिने थोडा वेळ तो सहन केला, मग माझ्या हाताखालून माऊस ओढून घेतला. त्यानंतर तो माऊस मला मागून घ्यावा लागायचा.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, तुझं वेगळं खातं उघडून देतो. ती हसायलाच लागली. "घर एक हाय, लॅपटॉप एक हाय, खाते दोन कायले? मी काय वायली राहून राहिली का?" आम्ही काही वेगळे राहत नव्हतो, मलाही ते पटलं. विणकराच्या घरात हे कोणाला खटकणारही नाही. साडी विणणाऱ्याच्या नावाने जाते. त्याच्यासाठी धागा उकलणारी, कांड्या भरणारी बाई घरातलीच असते. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती धाग्याची लहान नळी. ती भरलेली नसेल तर माग जागचा हलत नाही. पण साडी कोणाची असं विचारलं तर त्या बाईचं नाव ती स्वतःही घेत नाही. माझी बायकोसुद्धा सकाळभर चरख्यावर बसून भावाच्या मागासाठी कांड्या भरायची. जेवणं आटोपली की हात पुसून लॅपटॉपसमोर बसायची, ती मी दुकान बंद करेपर्यंत. आकाशातून घेतलेल्या फोटोवरून घरं आणि वाटा गिरवताना ती त्याच्याशी बोलायची. मधल्या दारातून मला ऐकू यायचं: "हे घर नोहे बाप्पा, हा तनसाचा ढीग हाय." वरून पेंढ्याचा ढीगही घरासारखाच दिसायचा. मग गिऱ्हाइकासमोर मला उगाचच हसू यायचं.

दुकान बंद असायचं त्या दिवशी आम्ही गाडीवर निघायचो. मी चालवायचो, ती मागे फोन धरून बसायची, म्हणजे गाडी जाईल तशी वाट फोनमध्ये उमटत जायची. मला डांबरी रस्ते माहीत, उधारीवाले माहीत. तिला पायवाटा माहीत. नवीन गावात शिरलो की बाया गोळा व्हायच्या. सर्वे आहे असं त्यांना वाटायचं.

"घरकुल भेटन का जी?"

"नाई वो, नकाशा काढून राहिलो."

"पैसे भेटतेत?"

"काई नाई भेटत."

"मंग काहून करता?"

याचं उत्तर तिला कधी धड देता आलं नाही. एकदा म्हणाली, "बरं वाटते." एका म्हातारीने ते ऐकून माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होती, हिला वेळेवर डॉक्टरकडे का नेलं नाही.

चुका तिनेही पुष्कळ केल्या. करडीत एका विहिरीला तिने "आत्याची विहीर" असं नाव देऊन टाकलं. दूर कुठून तरी एका पोराने त्या नोंदीखाली लिहून विचारलं, कोणाची आत्या? ती चिडली. अख्ख्या गावाची आत्या, असं तिने मला लिहायला लावलं. त्याने पुन्हा नम्रपणे विचारलं, की गावाची आत्या म्हणजे काय. आता याला काय सांगणार? लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेली एक बाई होती, तिच्या अंगणातली विहीर सगळे वापरायचे, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे. तिची सख्खी भाचरंही तेवढी नव्हती. एवढं सगळं मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं. त्या पोराने शेवटी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं आणि विहिरीचं नाव टिकलं.

असं नकाशाचं काम करणाऱ्या लोकांचा एक गटच होता. कोणी बंगळूरचा, कोणी नाशिकचा, कोणी तर कुठल्या देशातला तेही माहीत नाही. खातं माझ्या नावाचं असल्यामुळे सगळे तिला दादा म्हणायचे, एकदोघे सर म्हणायचे. तिला त्याची भारी गंमत वाटायची. जेवायला वाढताना म्हणायची, "आज मले तिघांनी सर म्हटलं. तुमाले कोन म्हटलं का?" मला कोण म्हणणार? मी एकदा म्हणालो, खरं सांगून टाक त्यांना. तर म्हणाली, "राहू द्या जी. सर म्हटलं तं लवकर आयकतेत."

संध्याकाळी आम्ही दोघं बसायचो. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आमच्या घरात आवाज असा उरला नव्हता. भाजी काय करू, लाईट गेली, एवढंच बोलणं. नकाशाने आम्हाला भांडायला विषय दिला. मी म्हणायचो हा नाला, ती म्हणायची पाट. मी म्हणायचो या वाटेने बैलगाडी जाते, ती म्हणायची जात होती, आता त्यांच्यात भांडण झालं, बांध घातला. कधी ती बरोबर असायची, कधी मी. चूक ठरलेल्याने चहा करायचा. मी चहा फार वेळा केला असं तिचं म्हणणं होतं, ते खरं नाही. त्या दोन-तीन वर्षांत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या सगळ्या संसारात बोललो नसू. त्यामुळे मला ते काम कधी कामच वाटलं नाही आणि त्याची कोणी किंमत काढेल हे तर डोक्यातच आलं नाही.

धानाची रोवणी सुरू होती तेव्हा तिला ताप आला. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, उतरला, पुन्हा चढला. भंडाऱ्याला नेलं. तिथून नागपूरला न्या म्हणाले. ताप डोक्यात गेला असं तिथे सांगितलं. ती मला ओळखेनाशी झाली आणि मग संपलंच. यापलीकडे मला त्याबद्दल लिहिता येत नाही. एवढं आठवतं, की गाडीतून तिला घरी आणताना दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बाया ओळीने वाकून धान लावत होत्या. एरवी तिने गाडी थांबवून चार ओळखीच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं.

माणसं आली, गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. सगळे मला धीर देत होते, त्यामुळे मी धीराने वागत होतो. मुलगी आपल्या घरी गेल्यावर एका दुपारी मी लॅपटॉप उघडला. गटातून निरोप आले होते. दादा, बरेच दिवस दिसला नाहीत. दादा, सगळं ठीक ना? मी उत्तर लिहायला घेतलं आणि मला कळेना, की काय लिहू. त्यांचा दादा ठीक होता. खातेदार चांगला खाऊनपिऊन जिवंत होता. गेली होती ती त्यांच्या लेखी कधी नव्हतीच. गावात तिच्यासाठी माणसं रडली, करडीहून गाडी भरून बाया आल्या. पण जिथे ती रोज दुपारी बसायची, ज्या लोकांशी विहिरीवरून आणि नाल्यावरून भांडायची, तिथे तिच्या जाण्याने कोणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. मी लिहिलेलं पुसलं आणि लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवला.

हे सगळं मनात असताना ती पुण्याची मुलगी आली. हिवाळ्याचे दिवस होते. बस स्टँडवर तिला घ्यायला गेलो. सडपातळ, चष्मा, पाठीवर मोठी बॅग. वाटेत दुकानांच्या पाट्या बघत होती आणि प्रत्येक पाटी दिसली की म्हणत होती, "हे मी नकाशावर पाहिलंय." तिचं तसं म्हणणं मला आवडलं आणि सहनही होईना. घरी आल्यावर मी चहा केला. चहा बेताचाच झाला, पण तिने तो पिऊन टाकला.

मग तिने आपली पद्धत समजावून सांगितली. कोणत्या खात्याने कधी काय साठवलं हे नकाशात राहतं. लागोपाठच्या नोंदींवरून काम किती वेळ चाललं याचा अंदाज काढायचा. तेवढ्या वेळात त्या माणसाने एरवी किती कमावलं असतं ते धरायचं. तास गुणिले दर. सरळ हिशोब. गाडीवर फिरलो ते यात धरत नाहीत, फक्त संगणकावरचं.

"एक विचारू का काका?" ती म्हणाली. "तुम्ही रोज दुपारपासून संध्याकाळपर्यंत नकाशावर काम केलेलं दिसतं. मग दुकान कोण सांभाळायचं?"

मी म्हणालो, "मीच."

ती गोंधळली. मग मी सगळं सांगितलं. ज्या खुर्चीवर ती बसली होती ती कोणाची, तेही सांगितलं. ती उठून उभी राहिली. मी म्हणालो, बसा हो, खुर्चीच आहे. ती बसली आणि चष्मा काढून पुसायला लागली. त्या नकाशाच्या जगातल्या माणसाला मी पहिल्यांदा ही गोष्ट सांगत होतो.

"मग हे एकाचं काम नाही," ती शेवटी म्हणाली. "आपण दोन माणसं धरू. काकूंचं वेगळं लिहू."

खरं सांगतो, त्या वाक्याने मला एकदम हुशारी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटलं. आम्ही लॅपटॉपशी खुर्च्या ओढल्या. तिने दोन रकाने केले, एक माझा, एक बायकोचा. दुपारचं सगळं काम हिच्या रकान्यात गेलं. संध्याकाळचं आलं तेव्हा तिने विचारलं, यात हात कोणाचा?

"माऊसवर कधी तिचा, कधी माझा. पण सांगत तीच होती. तिचंच लिहा."

"मग तुमचं काय उरलं काका?"

"दुकान टाकलं न मी. ते माझं."

ती हसली. मीही हसलो. मग तिने हिच्याबद्दलचे रकाने भरायला घेतले. वय विचारलं, शिक्षण विचारलं. काम काय करायच्या?

"घरचं. आन कांड्या भरायची."

"त्याचे पैसे?"

"घरच्याच मागाले भरायची. पैसे कोन देनार?"

तिची बोटं थांबली. आता तिला बोलणं जड जात होतं हे दिसत होतं. जो माणूस एरवी काही कमावत नाही, त्याच्या तासांना या पद्धतीत दर शून्य. फार तर शेतमजूर बाईची रोजी धरता येते. माझ्या नावावर ठेवलं असतं तर तेच काम दुकानदाराच्या दराने गेलं असतं. काम तेच, तलाव तोच, विहीर तीच. नवऱ्याचं म्हटलं तर भारी, बायकोचं म्हटलं तर मातीमोल.

मी उठून मागच्या खोलीत गेलो. भाऊ माग चालवत होता, त्याने काय झालं म्हणून विचारलं, मी काही नाही म्हणालो. चरखा भिंतीला लावून ठेवलेला होता. त्याच्याकडे बघून माझं डोकं तापलं. पण तो राग कोणावर काढणार? मीही आयुष्यभर साडीचा भाव सांगताना विणकराची मजुरी सांगत आलो, कांड्यांची कधी सांगितली नाही, गिऱ्हाइकाने विचारलीही नाही. त्या मुलीने हे जग थोडंच बनवलं होतं?

परत आलो आणि म्हणालो, "रोजीनं धरा. शून्य धरलं तरी चालन. पन तिचं वायलं लिहा."

"काका, आकडा फार खाली येईल."

"येऊ द्या न. आकडा कमी झाला तं तिनं काढलेला तलाव काई लहान होत नाई."

तिने मान हलवली आणि लिहायला लागली. जवळजवळ सगळं झालं. मग शेवटी एक कागद राहिला तो संमतीचा. अभ्यासात ज्याला माणूस म्हणून धरायचं, त्याची स्वतःची परवानगी लागते. माझी सही मी केली. हिच्या जागी बोट ठेवून ती थबकली. हा विचार आधी तिच्या डोक्यात आला नव्हता, आणि तो आला तसा तिचा चेहरा उतरला.

मी म्हणालो, मी वारस आहे. बँकेतले तिचे थोडे पैसे माझ्या सहीने मिळाले, हिच्या नावाचं सिमकार्डही माझ्या सहीने बंद झालं. इथे का चालणार नाही? तिने बाहेर ओट्यावर जाऊन पुण्याला आपल्या मॅडमना फोन लावला. मला आतून तिचं अर्धं बोलणं ऐकू येत होतं. ती त्यांना विनवत होती. नवऱ्याने सांगितलंय, मी स्वतः ऐकलंय, नोंदींच्या वेळा जुळतात. मग बराच वेळ नुसतं हो मॅडम, हो मॅडम.

ती आत आली आणि मला सांगताना माझ्याकडे बघू शकली नाही. ज्या व्यक्तीला विचारता येत नाही तिला अभ्यासात व्यक्ती म्हणून घेता येत नाही. नियम चांगल्यासाठीच आहे, कोणाच्या नावावर कोणी काहीही खपवू नये म्हणून. तेव्हा खातं जसं आहे तसंच धरायचं. एक खातं, एक माणूस, दुकानदाराचा दर.

"म्हणजे सगळं तुमच्याच नावावर राहील काका. आकडा उलट खूप मोठा होईल. जिल्ह्यात पहिला."

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माणूस मेला तर राशनवाला लगेच नाव काढतो, तिथे कोणी संमती विचारत नाही, असंही काही बोललो. इथे नाव घालायला निघालो तर तिला विचारून या म्हणता? भाऊ मागून धावत आला. मुलगी मान खाली घालून ऐकत होती आणि तिच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. ते बघून मी गप्प झालो. माझ्या मुलीपेक्षा लहान होती ती.

मी पाणी आणून दिलं. ती ते प्यायली. मग मी शांतपणे म्हणालो, "मंग माझीबी संमती नाई. माझी सही खोडा."

"काका, तुमचं खातं काढलं तर भंडाऱ्यात जवळजवळ काहीच उरत नाही. लोकांना वाटेल इथे कोणी कामच केलं नाही."

"वाटू द्या. केलं नाई म्हनतीन तं चालन. मी केलं म्हनतीन ते नाई चालत."

तिच्या अभ्यासाचं त्याने नुकसान होणार हे मला कळत होतं. एवढ्या लांबून ती बिचारी त्याच्यासाठीच आली होती आणि मनाने ती वाईट नव्हती. तरी मला दुसरं काही सुचलं नाही. गेलेल्या बाईला मोजता येत नसेल तर तिच्या कष्टांवर मी पहिला नंबर घेणार नव्हतो. एवढंच माझ्या हातात होतं. तिने माझी सही असलेला कागद माझ्या हातात दिला आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळच्या बसला तिला सोडायला गेलो. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. बस यायला वेळ होता म्हणून आम्ही चिवड्याच्या गाड्याजवळ उभे राहिलो. मग तिने एकदम विचारलं, "काकूंचं नाव काय होतं? अभ्यासासाठी नाही. मलाच हवंय."

दिवसभर आम्ही हिच्याबद्दल बोलत होतो. मी ती, तिले, तिचं म्हणत होतो. ती मुलगी काकू म्हणत होती. रकान्यात दोन नंबर लिहिलं होतं. नाव कोणी घेतलंच नव्हतं. खरं म्हणजे मीही उभ्या आयुष्यात तिला नावाने फारसं बोलावलं नव्हतं. मी सांगितलं. बाजाराच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तिने ते नाव आडनावासकट सावकाश म्हणून पाहिलं आणि विचारलं, "असंच ना?"

मी म्हणालो, असंच.

बस आली, ती चढली, खिडकीतून हात जोडून गेली. मी परत फिरलो आणि दोन पावलं चाललो. तिथेच भाजीच्या दुकानांसमोर उभा राहून मी रडायला लागलो, भर बाजारात, आवाज काढून. तेराव्यालाही मी असा रडलो नव्हतो. ओळखीची माणसं जमली. कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी खांदा धरला. काय झालं जी, काय झालं, असं सगळे विचारत होते.

मी म्हणालो, "माझी बायको मेली."

ते एकमेकांकडे बघायला लागले. मग एक ओळखीचा विणकर हळूच म्हणाला, "भाऊ, तिले जाऊन तं किती महिने झाले."

मी हो म्हणालो, आणि तरी माझं रडणं थांबेना.